ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला, मग नोकरी कधी धरायची?

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आधारावर अमेरिकेत कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला, तरी नोकरीचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सध्याची धावपळ त्या परवान्याच्या मुदतीवरून आहे. ३० ऑक्टोबर २०२५ च्या आधी परवाना संपत आला की नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाकायचा, जुनं कार्ड आणि नव्या अर्जाची पोच एकत्र दाखवायची आणि ५४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवायचं, अशी सोय होती. त्या तारखेपासून टाकलेल्या अर्जांना ती मिळत नाही. पाठोपाठ डिसेंबरात दुसरा बदल आला. जे कार्ड पाच वर्षांपर्यंत मिळायचं, ते ५ डिसेंबर २०२५ पासून जास्तीत जास्त १८ महिन्यांचंच मिळतं.

दोन्ही बदल एकत्र धरले तर अर्थ सरळ आहे. कार्ड लवकर संपणार आणि संपल्यावर पोचपावतीच्या भरवशावर कामावर जाता येणार नाही. म्हणून काम कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं आणि मधल्या महिन्यांत काय करायचं, हे आता घरातल्या कॅलेंडरवरच लिहून ठेवायला हवं.

अर्ज वेगळा, परवानगी वेगळी

गावाकडे जमीन घेतली की तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज देतात. खरेदीखत झालेलं असतं, पैसे दिलेले असतात, शेजारीपाजारी नव्या मालकाला नमस्कारही घालतात. पण सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत त्या जमिनीवर बँक पीककर्ज देत नाही. फेरफाराची पोच दाखवली तरी बँकेचा माणूस सातबाराच मागतो.

अमेरिकेतही तसंच आहे. फक्त इथे कागद तीन आहेत. आय-१३० हा फॉर्म अमेरिकेत राहणारा जोडीदार भरतो. 'हे लग्न खरं आहे आणि ही माझी बायको किंवा हा माझा नवरा आहे', एवढंच तो सांगतो. आय-४८५ हा फॉर्म तुम्ही भरता. अमेरिकेत राहूनच कायम निवासी व्हायचा तो अर्ज. तिसरा आय-७६५, म्हणजे कामाच्या परवान्याचा अर्ज. त्यावर मिळणाऱ्या कार्डाला सगळे ईएडी म्हणतात. या लेखात त्याला नुसतं 'कार्ड' म्हणू.

पहिले दोन अर्ज टाकल्याने काम करायचा हक्क मिळत नाही. तिसरा टाकल्यानेही नाही. तिसरा मंजूर होऊन कार्डावरची मुदत सुरू झाली, की मगच मिळतो. अर्ज पोचल्यावर जो आय-७९७सी नावाचा कागद येतो, त्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे मिळून तेरा खुणांचा पावती क्रमांक असतो. या कागदाने कोणताही दर्जा किंवा लाभ मिळत नाही, असंही त्याच्यावरच छापलेलं असतं. ते वाक्य बरेच जण वाचतच नाहीत.

आधी तुमची रांग कोणती ते बघा

जोडीदार अमेरिकन नागरिक असेल, तुम्ही रीतसर व्हिसावर विमानतळावरून आत आलेले असाल आणि आत्ता अमेरिकेतच असाल, तर तिन्ही फॉर्म एकाच पाकिटात टाकता येतात. नागरिकाच्या नवरा-बायकोला वार्षिक कोट्याची रांग नाही. सगळ्यात सरळ वाट हीच.

जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्व नसेल, तर कोटा लागू होतो. या रांगेला एफ-२ए म्हणतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक तक्ता काढतं, त्याला व्हिसा बुलेटिन म्हणतात. त्यातली तारीख तुमच्या आय-१३० च्या तारखेपुढे गेली नसेल, तर आय-४८५ टाकताच येत नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं कार्डही मागता येत नाही. मधल्या काळात जोडीदार नागरिक झाला तर मात्र तुमची रांगच बदलते. म्हणून नागरिकत्वाचा अर्ज करण्याइतकी वर्षं भरली असतील तर तो लांबणीवर टाकू नये.

नवरा किंवा बायको एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि तुम्ही एच-४ या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, हे पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांचं चित्र आहे. इथे ग्रीन कार्ड नोकरीच्या वाटेने येतं आणि एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही या नियमामुळे भारतीयांची रांग फार लांबली आहे. त्यासाठी २६ मे २०१५ पासून एच-४ चं वेगळं कार्ड सुरू झालं. जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्डासाठी टाकलेला पहिला अर्ज, मंजूर झालेला असेल, किंवा सहा वर्षांपुढे एच-१बीची मुदत वाढलेली असेल, तर ते मागता येतं. या नियमाविरुद्धचा खटला बरीच वर्षं चालला. अपील न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ ला नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात हात घालायला नकार दिला. त्यामुळे आज हा नियम उभा आहे.

एल-१, म्हणजे कंपनीने बदलीवर अमेरिकेत पाठवलेल्यांचा व्हिसा. त्यावर आलेल्याच्या जोडीदाराला तर कार्डाचीही गरज नाही. आय-९४ वर, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीच्या कागदावर, 'एल-२एस' असं लिहिलेलं असेल, तर तोच कागद कामाचा पुरावा धरतात. ज्यांचं लग्न झालंय पण जोडीदार अजून महाराष्ट्रातच आहे, त्यांची वाट मुंबईच्या वकिलातीतून जाते. मुलाखत होऊन इमिग्रंट व्हिसा मिळाला आणि विमानतळावर शिक्का पडला, की त्या दिवसापासून माणूस कायम निवासी. पासपोर्टावरचा तो शिक्का मारलेला व्हिसा एक वर्ष ग्रीन कार्डाचं काम करतो. २३५ डॉलरची इमिग्रंट फी भरली की प्लास्टिकचं कार्ड टपालाने येतं आणि परवान्याचा हा सगळा खटाटोप टळतो. म्हणून नवी लग्नं ठरवताना 'टुरिस्ट व्हिसावर नेऊ, तिथे गेल्यावर बघू' असं कुणी म्हणालं तर थांबवा. कायमचं राहायचं मनात ठेवून पर्यटक म्हणून आत शिरणं ही खोटी माहिती ठरू शकते आणि तो डाग पुढे सगळीकडे आडवा येतो.

इथून पुढे मुख्यतः पहिल्या दोन रांगांबद्दल आणि एच-४ बद्दल बोलू.

पाकिटात काय घालायचं आणि ते परत का येतं

१ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे आय-१३० ला कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर, आय-४८५ ला १,४४०, त्याच्यासोबतच्या आय-७६५ ला २६० आणि प्रवासाच्या परवानगीचा आय-१३१ घेतला तर ६३०. बेरीज ३,००५ डॉलर. वैद्यकीय तपासणीचे पैसे डॉक्टरला वेगळे द्यावे लागतात. 'आय-४८५ सोबत कार्ड फुकट मिळतं' हा सल्ला व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो. तो २०२४ च्या आधीचा आहे. फॉर्म टाकायच्या दिवशी यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची फी बघूनच रक्कम भरा.

पैसे भरायची पद्धतही बदलली आहे. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी अर्जासोबत चेक किंवा मनीऑर्डर घेत नाहीत. क्रेडिट कार्डाने भरायचे तर जी-१४५० आणि बँकेच्या खात्यातून भरायचे तर जी-१६५० हा फॉर्म प्रत्येक अर्जाला वेगवेगळा लावायचा. चार फॉर्मांची एकत्र रक्कम एकाच कागदावर लिहिली तर पाकीट जसंच्या तसं परत येण्याची भीती असते. पाकीट परत आलं की पोचपावतीची तारीखही गेली. पुढचं सगळं तेवढ्या आठवड्यांनी सरकतं.

आय-७६५ मध्ये पात्रतेचा कोड लिहायची एक छोटी चौकट असते. आय-४८५ प्रलंबित असणाऱ्यांनी तिथे सी-९ लिहायचं, एच-४ वाल्यांनी सी-२६. याच फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक, हवा का, असंही विचारलेलं असतं. तिथे 'हो' म्हणा आणि आई-वडिलांची नावं नीट भरा. मग सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात वेगळी फेरी मारावी लागत नाही. ईएडी आल्यावर साधारण दोन आठवड्यांत सोशल सिक्युरिटीचं कार्डही टपालाने येतं.

पाकीट परत यायची नेहमीची कारणं अगदी साधी असतात. सही राहिलेली असते, फॉर्मची आवृत्ती जुनी असते, फी चुकलेली असते. आवृत्तीची तारीख पानाच्या तळाशी छापलेली असते आणि सगळी पानं एकाच आवृत्तीची लागतात. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ हा फॉर्म २ डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच द्यावा लागतो. तो नंतर देऊ म्हटलं तर आय-४८५ परत येऊ शकतो, आणि त्याच्यावर टेकलेला आय-७६५ ही परत येतो.

आपल्याकडच्या नावांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पासपोर्टावर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं. सगळ्या फॉर्मांवर पासपोर्टाप्रमाणे एकच नाव ठेवा आणि बाकीची नावं 'इतर वापरलेली नावं' या रकान्यात लिहा. ईएडीवर एक नाव आणि सोशल सिक्युरिटीवर दुसरं असं झालं, तर कामावर रुजू होताना मालकाच्या संगणकात ते जुळत नाही आणि ऐन वेळी खोळंबा होतो. मराठीतला जन्मदाखला किंवा लग्नाचा दाखला असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं. आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे, असं भाषांतर करणाऱ्याने त्यावर लिहून सही करायची.

आता पत्ता. कार्ड टपालाने येतं आणि घर बदललं तर टपाल खातं ते नव्या पत्त्यावर पाठवत नाही, परत पाठवतं. अपार्टमेंटचा नंबर सुटला तरी तेच होतं. दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर फॉर्मच्या 'केअर ऑफ' ओळीत त्यांचं नाव लिहा आणि त्यांच्या टपालपेटीच्या आतल्या बाजूला तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवा. पेटी उघडल्यावर पोस्टमनला ती समोरच दिसते. घर बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवणं कायद्यानेही बंधनकारक आहे.

पोच आली, कार्ड नाही: तोवर काय चालतं?

घरात एकच पगार, वर वकिलाची फी आणि फॉर्मांचे तीन हजार डॉलर. अशा वेळी 'काहीतरी छोटंसं करू' असं वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून 'काम' कशाला म्हणतात हे नीट समजून घ्या. अमेरिकेच्या भूमीवर मालकासाठी केलेली कुठलीही सेवा किंवा श्रम म्हणजे नोकरी, अशी नियमातली व्याख्या आहे. पगार रोख मिळाला की बँकेत जमा झाला, डॉलरमध्ये की रुपयांत, याने त्यात फरक पडत नाही.

मग पुण्यातल्या कंपनीचं काम न्यू जर्सीतल्या एडिसनच्या फ्लॅटमध्ये बसून लॅपटॉपवर केलं तर? पगार भारतातल्या खात्यात, कर भारतात, कंपनीचा अमेरिकेशी संबंध नाही. हे चालतं असं सांगणारे भेटतात, काही वकीलही तसा युक्तिवाद करतात. पण काम करणारे हात अमेरिकेत आहेत आणि व्याख्या जागेवर बोट ठेवते. आय-४८५ मध्ये मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहायच्या असतात आणि अमेरिकेत परवानगीशिवाय कधी काम केलंत का, असा थेट प्रश्नही असतो. कंपनीचं नाव लिहिलं तर प्रश्न येणार आणि लपवलं तर खोटं बोलल्याचा ठपका. परवाना येईपर्यंत भारतातल्या मालकाकडून बिनपगारी रजा घेणं हाच शहाणपणाचा मार्ग.

घरून डबे देणं, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, मेंदी, पोळ्या, शेजारच्या मुलांना गणित शिकवून तासाला पैसे घेणं, ओळखीच्या दुकानात शनिवार-रविवारी गल्ल्यावर बसणं, यातलं काहीही कार्डाशिवाय करू नये. हे काम कमी मानाचं आहे असा याचा अर्थ नाही. कार्ड आल्यावर यातलं सगळं खुशाल करता येतं आणि कितीतरी बायकांनी त्यातूनच उभा धंदा केलाय. कार्डाच्या आधी मात्र नाही. एरवी आपण कौतुकाने बघतो ती 'ऑर्डर घेणं सुरू आहे' ही फेसबुकवरची पोस्ट, तारखेसकट पुरावा होऊन बसते.

आपल्या पैशांवरचं उत्पन्न चालतं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, ठेवींचं व्याज, शेअरचा लाभांश याला परवाना लागत नाही. अमेरिकेच्या करविवरणात मात्र ते दाखवावं लागतं, विशेषतः नवरा-बायको मिळून विवरण भरत असतील तर.

धर्मादाय संस्थेत, देवळात, मराठी मंडळाच्या गणपतीत किंवा मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून राबणं चालतं. अट अशी की त्या कामाला एरवी कुणाला पगार मिळत नसावा आणि तुम्हाला मोबदल्यात काही मिळू नये. एखादी नफ्यावर चालणारी कंपनी 'तीन महिने फुकट करा, कार्ड आल्यावर पगार सुरू करू' म्हणत असेल, तर ते काम पगाराचंच आहे. तिथे पाय टाकू नका.

आणखी एक गोष्ट. तुमचा स्वतःचा दुसरा परवाना जिवंत असेल, म्हणजे तुमचा एच-१बी किंवा शिक्षणानंतरची कामाची परवानगी (ओपीटी), तर त्याच्या मर्यादेत आणि मुदतीत काम चालू ठेवता येतं. आय-४८५ टाकल्याने ते बंद पडत नाही.

'पण नागरिकाच्या जोडीदाराला ते माफ असतं ना?'

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. परवानगीशिवाय काम केलेल्यांना अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मिळण्यावर जी बंदी आहे, तिच्यातून रीतसर आत आलेले अमेरिकन नागरिकांचे नवरा-बायको वगळलेले आहेत. नोकरीच्या वाटेने जाणाऱ्यांना, त्यात एच-४ वाले जोडीदारही आले, शेवटच्या प्रवेशापासून एकूण १८० दिवसांपर्यंतची चूक पोटात घालायची सोय आहे.

ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र यातलं काहीच नाही. एफ-२ए च्या रांगेतल्या माणसाने परवानगीशिवाय काम केलं, तर त्याचा आय-४८५ त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो. एकाच सोसायटीत राहणाऱ्या दोन मैत्रिणींनी सारखंच काम केलं, तरी एकीचं निभावतं आणि दुसरीचं अडकतं. दोघींचा फरक फक्त नवऱ्याच्या कागदात असतो. म्हणून दुसऱ्याचा अनुभव ऐकताना आधी विचारा, त्यांची रांग कोणती होती?

आणि नागरिकाच्या जोडीदारासाठीही 'वगळलेले' याचा अर्थ 'परवानगी आहे' असा होत नाही. ग्रीन कार्ड देणं हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग आहे आणि तो माणसाचं एकंदर वागणं बघतो. अर्ज प्रलंबित असल्याने कुठला दर्जा मिळत नाही, ही भूमिका खात्याने २०२५ पासून जास्त ठामपणे घेतली आहे. शिवाय बिनपरवान्याच्या कामात माणूस बहुधा आणखी एक चूक करतो आणि ती खरोखर भरून न येणारी असते. ती नोकरीच्या पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर होते.

रुजू होण्याचा दिवस: चार चौकटी

प्रत्येक मालकाला नव्या माणसाकडून आय-९ नावाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. पहिला भाग तुम्ही रुजू होण्याच्या दिवशीच भरायचा, दुसरा भाग मालकाने तुमची कागदपत्रं बघून तीन कामकाजी दिवसांत.

पहिल्या भागात चार चौकटी असतात. पहिली अमेरिकन नागरिकाची. दुसरी अमेरिकन सामोआसारख्या भागातल्या, नागरिक नसलेल्या राष्ट्रीयांची. तिसरी कायम निवासींची. चौथी, अमुक तारखेपर्यंत काम करायची परवानगी असलेल्या परदेशी माणसाची. तुमची चौथी. तिथे कार्डावरची संपण्याची तारीख आणि 'ए' ने सुरू होणारा क्रमांक लिहायचा. 'ग्रीन कार्डाचा अर्ज केलाय' म्हणून तिसरी चौकट भरू नका. आणि 'नवरा नागरिक आहे, म्हणजे आपणही त्यातच' असं समजून किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून पहिल्या चौकटीत खूण केली, तर नोकरीसाठी नागरिक असल्याचा खोटा दावा केला असं होतं. ग्रीन कार्डाच्या अर्जात त्याला जवळजवळ माफीच नाही. नागरिकाच्या जोडीदारालाही नाही. एका पेनाच्या खुणेने आयुष्यभराची वाट बंद होते.

पुरावा म्हणून ईएडी एकटं पुरतं. कोणता मान्य कागद दाखवायचा हे तुम्ही ठरवायचं, मालकाने नाही. त्याने 'ग्रीन कार्डच आणा' म्हटलं तर आय-९ च्या मागे जोडलेली मान्य कागदांची यादी नम्रपणे पुढे करा. सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर, सरकारची परवानगी असेल तरच कामासाठी वैध, अशा अर्थाची ओळ छापलेली असेल. त्यामुळे वाहन परवाना आणि ते कार्ड ही जोडी इथे चालत नाही. तो क्रमांक अजून आला नसेल तरी ईएडीवर रुजू होता येतं, क्रमांक आल्यावर मालकाला द्यायचा. करासाठी मिळणारा आयटीआयएन क्रमांक म्हणजे कामाची परवानगी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

सी-९ आणि सी-२६ ही दोन्ही कार्डं मोकळी असतात. कुठलाही मालक, कितीही तास, दोन नोकऱ्या, स्वतःचा धंदा, टॅक्सीच्या ॲपवर गाडी चालवणं, सगळं चालतं. कंत्राटी किंवा स्वतःच्या कामात मात्र कर कापून हातात येत नाही. नफ्यावर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर आणि वर प्राप्तिकर आपला आपण दर तिमाहीला भरायचा असतो. डब्यांचा भाव ठरवताना हे धरलं नाही, तर एप्रिलमध्ये धक्का बसतो.

संपण्याची तारीख हाच आता खरा प्रश्न

वाहनाचं कच्चं लायसन्स असतं, तसं हे कार्ड समजा. पक्कं मिळेपर्यंत गाडी चालवता येते, पण कच्च्याची तारीख उलटली की चालवणाऱ्याचा हात कितीही बसलेला असला तरी गाडी बाजूला लावावी लागते.

नूतनीकरणाचा अर्ज कार्ड संपण्याआधी १८० दिवसांपासून टाकता येतो. पूर्वी लोक शेवटच्या महिन्यात टाकायचे आणि ५४० दिवसांच्या सवलतीवर निभावून न्यायचे. आता १८० वा दिवस हाच अर्जाचा दिवस धरा. कार्ड हातात पडल्या दिवशी संपण्याच्या तारखेतून १८० दिवस मागे मोजा आणि फोनमध्ये तीन आठवणी लावा. दोन आठवडे आधीची फॉर्म भरायला सुरुवात करण्यासाठी, त्या दिवसाची पाकीट टाकायला, आणि संपण्याच्या ३० दिवस आधीची मालकाशी बोलायला. १८ महिन्यांच्या कार्डात हिशेब असा होतो की साधारण बारा महिने काम झालं की लगेच पुढच्या अर्जाची तयारी. एच-४ च्या कार्डाची मुदत तुमच्या एच-४ च्या मुदतीला बांधलेली असते. तिथे आधी जोडीदाराच्या एच-१बीची मुदतवाढ लवकर टाकायला सांगा, कारण ती अडली की मागचं सगळं अडतं.

'अर्ज तर वेळेत केला होता, उशीर खात्याने केला. तरी आम्हीच घरी बसायचं?' हो. त्यात अन्याय आहे आणि तो तसा वाटणं रास्त आहे. पण जुन्या कार्डाची तारीख उलटल्यानंतर एक दिवस काम केलं तरी ते परवानगीशिवायचंच. मालकालाही दंडाची भीती असते, त्यामुळे तो थांबवणारच. ३० ऑक्टोबर २०२५ च्या आधी टाकलेल्या अर्जांना जुनी सवलत लागू राहते. तुमचा अर्ज त्यातला असेल तर पोचपावतीवरची तारीख मालकाला दाखवा.

मध्ये खंड पडणार असं दिसलं तर मालकाकडे बिनपगारी रजेची विनंती आधीच लेखी करा. नोकरी सोडून पुन्हा अर्ज करण्यापेक्षा ते सोपं जातं. गंभीर आर्थिक नुकसान होत असेल तर खात्याकडे लवकर निकालाची विनंती करता येते. 'मला काम करायचंय' एवढं कारण त्याला पुरत नाही. घरहप्ता थकल्याची नोटीस, दवाखान्याची बिलं, नोकरी जाणार असल्याचं मालकाचं पत्र असा पुरावा लागतो. तुमच्या भागातल्या अमेरिकन संसद सदस्याच्या कार्यालयात अशा प्रकरणांसाठी कर्मचारी असतात. संमतीपत्र भरून दिलं की ते खात्याकडे चौकशी करतात आणि त्यासाठी तुम्ही मतदार असायची गरज नाही.

आणि मूळ आय-४८५ नाकारला गेला तर सी-९ कार्डाचा आधारच जातो, मग तारखेला कितीही महिने शिल्लक असोत. त्या दिवशी मालकाशी बोलण्याआधी वकिलाशी बोला.

आई आजारी पडली तर भारतात जाता येईल का?

आय-४८५ प्रलंबित असताना प्रवासाची परवानगी हातात नसेल आणि देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आय-४८५ गेला की कार्डही गेलं. वैध एच किंवा एल व्हिसावर परत येणाऱ्यांना यातून सूट आहे. बाकीच्यांनी आय-१३१ पहिल्याच पाकिटात टाकावा. ६३० डॉलर जास्त वाटतात, पण गावाकडून रात्री फोन येतो तेव्हा तो कागद घरात असावा लागतो.

वाट बघण्याचे महिने वाया जाऊ नयेत म्हणून

शिकायला, अर्ज करायला, मुलाखत द्यायला परवाना लागत नाही. मुलाखतीत खरं सांगा की परवान्याचा अर्ज प्रलंबित आहे आणि कार्ड आल्यावरच रुजू होता येईल. भारतीय पदवीचं अमेरिकन मूल्यमापन या काळात करून घ्या. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मागवण्यात वेळ जातो आणि त्यासाठी कुणीतरी विद्यापीठात खेटे घालावे लागतात. भारतातल्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन ठेवलं तर काम हलतं. परिचारिकेला त्या राज्याचा परवाना आणि एनक्लेक्स परीक्षा लागते, डॉक्टरला ईसीएफएमजी या परदेशी डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची वाट, शिक्षिकेला राज्याचं प्रमाणपत्र. हे सगळं कार्ड आल्यावर सुरू केलं तर १८ महिन्यांतले बरेच यातच जातात.

शेवटी एक दिवस ग्रीन कार्ड येतं. तेव्हा ते घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जा आणि नवं कार्ड मागा. क्रमांक तोच राहतो, फक्त 'परवानगी असेल तरच' ही ओळ त्यावर नसते. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मंजुरी आली असेल तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ टाकायचा असतो, त्याचीही आठवण फोनमध्ये त्याच दिवशी लावून ठेवा.